स्फटिकांची साधना : मादाम क्यूरी

मादाम क्यूरी हे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. गरिबीत शिकलेली पोलिश मुलगी, गळक्या छपराखालची प्रयोगशाळा, रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके, एवढे बहुतेकांच्या ध्यानात असते. मलाही एवढेच ठाऊक होते. रसायनशास्त्र हा विषय घेतल्यावर मात्र एक प्रश्न माझी पाठ सोडीना. रेडियम सापडल्याची घोषणा झाली ती १८९८ सालच्या डिसेंबरात, आणि शुद्ध रेडियम क्लोराइड तिच्या हाती आले ते १९०२ साली. मग मधल्या साडेतीन-चार वर्षांत ही बाई त्या छपराखाली करीत तरी काय होती?

उत्तर शोधू लागले तेव्हा आश्चर्य वाटले. जी क्रिया आम्ही प्रॅक्टिकलच्या तासाला तास-दीड तासात उरकतो, तीच ती करीत होती. पदार्थ उकळत्या पाण्यात विरघळवायचा, द्रावण निवू द्यायचे, खाली धरलेले स्फटिक वेगळे काढायचे, आणि तेच पुन्हा विरघळवायचे. याला रसायनशास्त्रात पुनर्स्फटिकीकरण म्हणतात.

कला शाखेच्या मित्रमैत्रिणींनी या लांबलचक शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. साखरेचा दाट पाक संथपणे निवू दिला की दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे धरतात. मिठागरात समुद्राचे पाणी आटते, मीठ खाली बसते आणि कडवट पाणी वर उरते. दोन्हीकडे तत्त्व एकच. स्फटिक जुळत असताना एकाच जातीचे कण ओळीने शेजारी बसत जातात आणि परके कण बहुतांशी पाण्यातच मागे राहतात. आम्ही बेन्झोइक आम्लाचा मळकट भुगा गरम पाण्यात विरघळवतो, गरम असतानाच गाळतो आणि बीकर निवत ठेवतो. थोड्या वेळाने त्यात चकचकीत पांढरे स्फटिक तरंगू लागतात. ते वाळवून द्रवणांक पाहायचा. १२२ अंशांच्या आसपास ते एकदम वितळले तर पदार्थ शुद्ध, आणि आधीच रेंगाळत वितळू लागले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या पुन्हा सुरुवातीचा आम्हा सर्वांनाच कंटाळा. पदार्थ डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो आहे, मग पुन्हा कशाला? शिवाय प्रत्येक खेपेस थोडा माल पाण्यात विरघळलेलाच राहतो आणि वजन घटते. शुद्धता वाढते तसतसे हाती उरणारे कमी होते, हा या क्रियेचा नियमच आहे.

ज्या बाईने हा नियम टनांपासून ग्रॅमच्या दशांशापर्यंत सोसला, तिचे आयुष्य मी या दृष्टीने पुन्हा वाचले. तेच येथे थोडक्यात सांगते.

मारिया स्क्लोडोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पाच भावंडांत ती धाकटी. घरात तिला मान्या म्हणत. पोलंडचा तो भाग त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि शाळांतून पोलिश भाषेची गळचेपी चालू होती. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. आई मुलींची शाळा चालवी. थोरली बहीण टायफसने गेली आणि १८७८ साली आईही क्षयाने गेली. मान्या तेव्हा अवघी दहा वर्षांची होती. पुढे १८८३ साली सुवर्णपदक मिळवून ती शाळेतून बाहेर पडली, पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पोलिश तरुण-तरुणी चोरून ज्या वर्गांना जमत, आणि पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ज्यांची जागा सारखी बदलावी लागे, त्या फिरत्या विद्यापीठात मान्या व तिची बहीण ब्रोन्या शिकू लागल्या.

दोघींनाही पॅरिसला जायचे होते, आणि पैसा एकीपुरताही नव्हता. तेव्हा बहिणींनी आपसांत करार केला. आधी ब्रोन्याने जाऊन वैद्यक शिकावे, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. माझ्या थोरल्या ताईने शिक्षण थांबवून नोकरी धरली म्हणून मी आज या वर्गात बसले आहे. त्यामुळे हा करार वाचताना मी बराच वेळ त्याच पानावर थांबले. आमच्यासारख्या किती घरांत असे अलिखित करार झालेले असतात! ते पाळले जातातच असे नाही. या दोघींनी मात्र तो अक्षरशः पाळला.

मान्या १८८६ पासून १८८९ पर्यंत श्चुकी नावाच्या खेड्यात एका सुखवस्तू कुटुंबाची मुले शिकवीत राहिली. त्याच घराचा थोरला मुलगा आणि ती यांचे प्रेम जमले, पण मुलांना शिकवायला ठेवलेली गरीब मुलगी सून म्हणून त्या घराला चालणार नव्हती. अपमान गिळून ती तेथेच राहिली, कारण ब्रोन्याला पैसे पाठवायचे होते. रात्री ती एकटीच गणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके घेऊन बसे. फावल्या वेळात खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना ती पोलिश लिहावाचायला शिकवी. हे काम उघडकीस आले असते तर शिक्षा ठरलेली होती. पुढे वॉर्साला परतल्यावर एका वस्तुसंग्रहालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत तिने पहिल्यांदा हाताने प्रयोग केले. ती प्रयोगशाळा तिचा चुलत-मावस नात्यातला भाऊ चालवीत असे, आणि तो काही काळ मेंडेलेव्हचा साहाय्यक होता. ज्या आवर्तसारणीत तिला पुढे दोन नव्या घरांची भर घालायची होती, तिच्या कर्त्याशी असा तिचा दुरून संबंध आला.

१८९१ साली ती सर्वांत स्वस्त डब्यातून पॅरिसला पोहोचली. वयाची चोवीस वर्षे उलटत आली होती. सॉर्बोनमध्ये तिने मेरी हे फ्रेंच वळणाचे नाव लावले. माळ्यावरची खोली, हिवाळ्यात गोठणारे पाणी, चहा-पावावर काढलेले दिवस हे सारे सर्वांना माहीत आहे. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली आणि १८९४ साली गणितात दुसरी. मध्यंतरी तिला पोलंडहून सहाशे रुबल्सची शिष्यवृत्ती मिळाली होती. स्वतःच्या कामाचे पैसे हाती येताच तिने ती रक्कम परत पाठवली. शिष्यवृत्ती परत करण्याची कोणाची मागणी नव्हती. दुसऱ्या एखाद्या गरजू मुलीच्या ती उपयोगी पडावी एवढाच तिचा हेतू होता.

१८९४ साली तिची पिअर क्यूरीशी ओळख झाली आणि २६ जुलै १८९५ रोजी त्यांचा विवाह झाला. अंगठ्या नाहीत, धार्मिक विधी नाही, आणि मधुचंद्र सायकलींवरून! १८९७ च्या सप्टेंबरात मुलगी इरेन जन्मली. त्यानंतर मेरीने डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो बेकेरेलने १८९६ साली पाहिलेल्या युरेनियमच्या किरणांचा. पिअर व त्याचा भाऊ झाक यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा उपयोग करून अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजण्याचे उपकरण तयार केले होते. त्याच्या मदतीने मेरी एकेक खनिज तपासू लागली. पिचब्लेंड या खनिजात जितके युरेनियम होते त्या मानाने त्याचे किरण फारच प्रखर निघाले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी असले पाहिजे. १८९८ च्या जुलैत क्यूरी पतिपत्नींनी एका नव्या मूलद्रव्याची घोषणा केली आणि परतंत्र मायदेशाच्या नावावरून त्याला पोलोनियम हे नाव दिले. २६ डिसेंबरला दुसऱ्या मूलद्रव्याची घोषणा झाली. ते रेडियम.

खरी परीक्षा येथून पुढे सुरू झाली. मापनयंत्र साक्ष देत होते, वर्णपटातही नवी रेषा दिसली होती. पण रसायनशास्त्रज्ञाची मागणी वेगळी असते. पदार्थ कोठे आहे? त्याचा अणुभार किती? ज्याचे वजन करता येत नाही, ते मूलद्रव्य कसले? ही मागणी रास्त आहे हे मेरीला मान्य होते, कारण तीही त्याच परंपरेत शिकली होती.

पिचब्लेंडमधून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा बोहेमियातील योआखिमस्थालच्या खाणीजवळ टाकून दिलेला होता. ऑस्ट्रियाच्या सरकारकडून तो मिळाला. तपकिरी माती आणि तिच्यात मिसळलेली पाइनची सुकी पाने अशी पोती पॅरिसला येऊन पडली. कामासाठी जागा मिळाली ती पिअरच्या संस्थेच्या आवारातील एक पडीक शेड. पूर्वी तेथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करीत. छप्पर काचेचे आणि गळके. विख्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड ती पाहायला आला, तेव्हा त्याला ती प्रयोगशाळा न वाटता घोड्यांचा तबेला आणि बटाट्याचे कोठार यांच्यामधले काहीतरी वाटले. धूर बाहेर जाण्याची सोय नसल्याने पुष्कळशी कामे अंगणातच करावी लागत. एका वेळी वीस-वीस किलो माल मोठ्या कढयांत उकळत असे आणि मेरी तो जवळजवळ स्वतःच्याच उंचीच्या लोखंडी कांबीने ढवळीत असे. पुढे पहिल्या टप्प्याचे काम एका रासायनिक कारखान्यात होऊ लागले आणि आंद्रे दबिएर्न या तरुण संशोधकाने ते सांभाळले. अखेरची शुद्धी मात्र मेरीच्या हातची.

एक टन चोथ्यातून निरनिराळ्या प्रक्रियांनंतर साधारण आठ किलो बेरियम क्लोराइड मिळे, आणि रेडियम त्यात दडलेले असे. या मिश्रणाचे किरण युरेनियमच्या सुमारे साठपट प्रखर असत. आता रेडियमला बेरियमपासून वेगळे करायचे होते, आणि खरी अडचण येथेच होती. बेरियम आणि रेडियम रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावंडांसारखे आहेत. ज्या आम्लाने एकाचा अवक्षेप होतो त्यानेच दुसऱ्याचाही होतो. दोघांच्या क्षारांचे स्फटिकही एकाच घडणीचे, त्यामुळे एकाच्या स्फटिकात दुसऱ्याचे कण सहज जाऊन बसतात. आमच्या बेन्झोइक आम्लातला मळ परका असतो, म्हणून तो एक-दोन खेपांत मागे राहतो. येथे घरातलेच माणूस वेगळे काढायचे होते. फरक होता तो एवढाच की रेडियम क्लोराइड पाण्यात बेरियम क्लोराइडपेक्षा कमी विरघळते, म्हणून निवताना ते थोडे अधिक प्रमाणात स्फटिकात उतरते.

या थोड्या फरकावर तिने सारी भिस्त ठेवली. उकळत्या पाण्यात क्लोराइडचे संपृक्त द्रावण करायचे आणि ते झाकलेल्या बशीत निवत ठेवायचे. तळाशी चिकटून स्फटिक धरले की वरचे पाणी दुसऱ्या बशीत ओतायचे. पाण्यात उरलेल्या क्षारापेक्षा स्फटिक सुमारे पाचपट किरणोत्सारी निघत. मग स्फटिक पुन्हा विरघळवायचे आणि पाणी आटवून त्याचेही स्फटिक धरू द्यायचे. अशा रीतीने दोन्हीकडून पुन्हा दोन-दोन भाग होत. त्यांपैकी पहिल्या बशीचे वरचे पाणी आणि दुसऱ्या बशीचे स्फटिक जवळजवळ सारख्याच शक्तीचे असत, म्हणून ते एकत्र करायचे. बशांची एक रांगच तयार होई. रांगेच्या एका टोकाकडे रेडियम सरके आणि दुसऱ्या टोकाकडे बेरियम. प्रत्येक भागाची शक्ती यंत्रावर मोजायची आणि वहीत लिहायची. ज्यात जवळजवळ काहीच उरले नाही असा टोकाचा भाग तेवढा रांगेतून काढून टाकायचा.

या पद्धतीतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. आम्ही गाळल्यानंतर उरलेले मदर लिकर बेसिनमध्ये ओतून मोकळे होतो. मेरीच्या रांगेत मात्र मागे राहिलेले पाणी वाया जात नसे. ते पुढच्या खेपेस योग्य त्या बशीत परत येई. शुद्ध करणे म्हणजे अशुद्ध ते फेकून देणे, अशी आपली समजूत असते. तिच्या हातून झालेली शुद्धी ही प्रत्येक भागाला त्याची जागा शोधून देण्याची होती. श्चुकीतल्या त्या तीन वर्षांचेही तिने असेच केले होते. दुसरी कोणी ती वर्षे फुकट गेली म्हणून मोकळी झाली असती. तिने ती पुढच्या पात्रात ओतून घेतली.

मधूनमधून ती मिश्रणाचा अणुभार काढी. बेरियमचा अणुभार सुमारे १३७. रेडियम जसे दाट होत जाईल तसा हा आकडा चढला पाहिजे. आधी तो जेमतेम हलला. किरणांची शक्ती युरेनियमच्या साडेसात हजारपट झाली, तरी आकडा १४६ च्या आसपासच होता! शक्ती हजारोपटींनी वाढलेली आणि वजनात अजून बेरियमचेच राज्य. पुढे आकडा १७४ पर्यंत आला. मूलद्रव्य नवे आहे हे सिद्ध करायला एवढे पुरे, असे कोणी म्हटले असते तर ते चूक नव्हते. पिअरलाही वाटू लागले होते की शुद्धीचा हा खटाटोप थांबवून किरणांच्या स्वरूपाचा अभ्यास करावा. मेरी थांबली नाही. पुन्हा विरघळवणे, पुन्हा निववणे चालूच राहिले. १९०२ साली, अनेक टन चोथा आणि मोजदाद करणे कठीण इतक्या स्फटिकीकरणांनंतर, तिच्यापाशी सुमारे एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड होते. अणुभार आला २२५. आज तो २२६ मानला जातो. गळक्या छपराखाली, चिमूटभर मालावर काढलेला आकडा इतका जवळचा!

१९०३ च्या जूनमध्ये तिला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी बेकेरेल व पिअर यांच्यासह पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक. त्यासाठी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत फक्त दोघा पुरुषांची नावे होती. एका स्वीडिश गणितज्ञाने पिअरला हे कळवले आणि पिअरने मेरीचा वाटा ठामपणे मांडला, तेव्हा तिचे नाव आले. रेडियम काढण्याच्या पद्धतीचे पेटंट दोघांनी घेतले नाही. घेतले असते तर श्रीमंती दाराशी आली असती. ती कृती त्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यात घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून पिअरचा अंत झाला. नोव्हेंबरमध्ये मेरी सॉर्बोनमध्ये त्याच्या जागी व्याख्यानाला उभी राहिली. प्रस्तावना नाही, श्रद्धांजली नाही. पिअरने विषय जेथे सोडला होता तेथून तिने तो पुढे चालू केला. त्या विद्यापीठात शिकवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी वृद्ध लॉर्ड केल्व्हिनने शंका काढली की रेडियम हे मूलद्रव्य नसून शिसे आणि हीलियम यांचा संयोग असावा. वृत्तपत्रांतून वाद घालण्याऐवजी मेरी पुन्हा बशांकडे वळली. १९०७ साली अधिक माल शुद्ध करून तिने अणुभार पुन्हा काढला, आणि १९१० साली दबिएर्नच्या साहाय्याने प्रत्यक्ष रेडियम धातूच वेगळा केला.

१९११ हे वर्ष तिची दुहेरी परीक्षा घेणारे ठरले. जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीची निवडणूक ती थोडक्या मतांनी हरली. वर्षाच्या अखेरीस तिच्या खासगी आयुष्यावरून वृत्तपत्रांनी गदारोळ उठवला. नेमके त्याच वेळी रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. समारंभाला न येणे बरे, असे तिला सुचवण्यात आले. शास्त्रीय काम आणि खासगी आयुष्य यांचा संबंध नाही असे कळवून ती स्टॉकहोमला गेली आणि पारितोषिक घेऊन आली. सोबतीला होती ब्रोन्या. करार फेडून झाल्यालाही वीस वर्षे होऊन गेली होती. त्याच वर्षी तिने काचेच्या बारीक नळीत २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड बंद केले आणि ती नळी रेडियमचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. पहिल्या महायुद्धात ती क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या मोटारी घेऊन आघाडीवर हिंडली. हाताशी होती सतरा-अठरा वर्षांची इरेन. १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमवून तिला एक ग्रॅम रेडियम भेट दिले, कारण ज्या पदार्थाची कृती तिने जगाला फुकट दिली तो विकत घेणे तिच्या संस्थेला परवडत नव्हते.

या कथेला काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. रात्री त्या शेडमध्ये नळ्या निळसर प्रकाशाने चमकत आणि ती दोघे त्या पाहायला मुद्दाम जात. त्या प्रकाशाने आपले रक्त नासते आहे हे त्यांना कळले नव्हते. मेरीच्या बोटांची टोके भाजून कडक झाली, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. ४ जुलै १९३४ रोजी आल्प्समधील एका आरोग्यधामात रक्ताच्या विकाराने तिचा अंत झाला. रेडियमच्या आणि क्ष-किरणांच्या सहवासात काढलेल्या वर्षांची ती किंमत होती. तिच्या वह्या अजूनही शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियम निम्मे व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात, तेव्हा त्या वह्या हाताळण्याजोग्या होण्याला फार अवकाश आहे. १९९५ साली फ्रान्सने तिच्या अस्थी पिअरसह पँथिऑनमध्ये नेल्या. स्वतःच्या कर्तृत्वाच्या बळावर तेथे जागा मिळालेली ती पहिली स्त्री होय.

मित्रमैत्रिणींनो, मादाम क्यूरीचे चित्र आपण त्यागाच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगून ठेवले आहे. तसे केले की तिला नमस्कार करता येतो आणि तिच्यापासून शिकण्याची जबाबदारी टळते. उपाशी राहणे किंवा थंडीत कुडकुडणे यात शिकण्यासारखे काही नाही. त्या परिस्थितीत कितीतरी माणसे राहतात आणि कोणाचीच त्यातून सुटका झालेली बरी. शिकण्यासारखी गोष्ट आहे ती १७४ वर न थांबण्याची. आकडा बरा दिसतो आहे, परीक्षकही कदाचित मान्य करील, तरीही पदार्थ अजून शुद्ध नाही हे ज्याचे त्याला ठाऊक असते. निबंध लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, गाण्याचा रियाझ करणाऱ्याला असते, जर्नल भरणाऱ्यालाही असते. अशा वेळी पुन्हा एकदा पाणी उकळायला ठेवायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येकाने एकट्यानेच सोडवायचा असतो. पुन्हा विरघळवले तर हाती उरणारा माल थोडा कमी भरेल हे निश्चित. पण त्याचा द्रवणांक मग कोणीही घ्यावा.